प्राध्यापकांची ‘कॅस’ पदोन्नती: तारखा, नोंदी आणि हक्क

वरिष्ठ महाविद्यालयांतल्या अध्यापकांचे पदोन्नतीबद्दलचे प्रश्न वर्षानुवर्षे तेच आहेत. ओरिएंटेशन उशिरा झाले, आता तारीख कुठली धरायची? बाळंतपणाच्या रजेचे वर्ष मोजायचे की सोडायचे? आधीच्या महाविद्यालयातली कंत्राटी वर्षे धरतात का? प्राचार्य म्हणतात, नॅक आटोपू दे, मग अर्ज कर, थांबावे का? प्रश्न निरनिराळे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत असते. पदोन्नती म्हणजे मुलाखत, आणि मुलाखत म्हणजे समितीची मर्जी, अशी ती समजूत. करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे आपण जिला ‘कॅस’ किंवा नुसतेच ‘प्लेसमेंट’ म्हणतो, तिचे नियम शांतपणे वाचले तर चित्र वेगळे दिसते. समितीपुढे जाण्याआधीच निकालाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. तो ठरतो दरवर्षीच्या मूल्यमापन अहवालातल्या शेऱ्यावर, अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांवरच्या तारखांवर आणि अर्जाच्या पोचेवर. म्हणून न्याय्य मूल्यमापन हवे असेल तर ते मुलाखतीच्या आठवड्यात मागून मिळत नाही. ते सेवेच्या पहिल्या वर्षापासून कागदावर आणावे लागते. हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांतील नियमित सहायक आणि सहयोगी प्राध्यापकांसाठी आहे. विद्यापीठ विभागांतल्या अध्यापकांना संशोधनाच्या अटी अधिक कडक आहेत, बाकीचा सांगाडा तोच.

आधी नियम कोणता ते पक्के करा

विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित केलेले विनियम हा आजच्या कॅसचा पाया. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी आणि त्यासोबत ही चौकट राज्यात लागू केली. त्याआधीचे २०१० चे विनियम एपीआयच्या गुणांवर उभे होते. त्या काळातले जुने प्रपत्र आजही काही महाविद्यालयांच्या संगणकांत फिरत असते आणि नवख्या अध्यापकाच्या हाती तेच पडते. स्टाफरूममध्ये मिळालेला सल्लाही बहुधा त्याच काळातला असतो. ‘तीन सेमिनार कर, गुण भरतील’ असे कोणी सांगितले, तर तो २०१० च्या नियमांबद्दल बोलतो आहे असे समजा.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ‘आता सगळे बदलणार, थोडे थांबा’ असे सांगणाऱ्यांची संख्या वाढली. मसुद्याच्या भरवशावर आपला अर्ज अडवून ठेवू नका. तुमची पात्रता ज्या तारखेला पूर्ण होते त्या तारखेला कोणता विनियम अधिसूचित होता, त्यावर राज्याचा कोणता शासन निर्णय होता आणि तुमच्या विद्यापीठाने कोणते प्रपत्र ठरवले होते, हे तीन कागद समोर ठेवा. यांपैकी एखाद्यात विसंगती दिसली तर विद्यापीठाच्या संबंधित विभागाला लेखी विचारा. तोंडी उत्तर कितीही आपुलकीने दिलेले असले तरी फाइलला लावता येत नाही.

टप्पे कोणते

- लेव्हल १० ते ११: पीएच.डी. असल्यास ४ वर्षे, एम.फिल. किंवा एलएल.एम., एम.टेक.सारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असल्यास ५ वर्षे. यांपैकी काहीच नसल्यास ६ वर्षे.
- लेव्हल ११ ते १२: ५ वर्षे.
- लेव्हल १२ ते १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापक: ३ वर्षे आणि पीएच.डी.
- लेव्हल १३ए ते १४, म्हणजे प्राध्यापक: ३ वर्षे, पीएच.डी., किमान १० शोधनिबंध (त्यांतले तीन मूल्यमापन काळातले) आणि ११० संशोधन गुण.

पहिल्या दोन टप्प्यांचा निर्णय छाननी-व-मूल्यमापन समिती घेते, पुढच्या दोन टप्प्यांसाठी निवड समिती बसते. पहिल्या तीन टप्प्यांना अभ्यासक्रमांची अट आहे: पहिल्या टप्प्यात २१ दिवसांचे ओरिएंटेशन, आणि त्या त्या टप्प्यात रिफ्रेशर, संशोधन पद्धती, अध्यापक विकास कार्यक्रम किंवा मूक (MOOC) अभ्यासक्रम यांचे पर्याय. पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रे २०२३ पासून मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्रे या नावाने ओळखली जातात, त्यामुळे प्रमाणपत्रावर नाव बदललेले दिसले तर गोंधळू नका. मात्र एखाद्या खासगी संस्थेचा ‘ऑनलाइन एफडीपी’ पैसे भरण्याआधी नीट पाहा. त्याचा कालावधी अटीत बसतो का आणि तुमचे विद्यापीठ तो मान्य करते का, हे आधी विचारलेले बरे.

तारीख कशी निघते

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, आणि ते चुपचाप होते. विनियमांतला हिशोब तीन वाक्यांत सांगता येतो. किमान सेवा पूर्ण होताच सर्व अटी पूर्ण असतील आणि तुम्ही अर्ज करून यशस्वी झालात, तर पदोन्नतीची तारीख म्हणजे किमान सेवा पूर्ण झाल्याची तारीख. एखादी अट नंतर पूर्ण झाली, तर ती अट पूर्ण झाल्याची तारीख. पहिल्या मूल्यमापनात अपयश आले आणि पुढच्या वेळी यश मिळाले, तर नकाराच्या तारखेपासून एक वर्षानंतरची तारीख, आणि हे फेरमूल्यमापन किमान एक वर्षानंतरच.

समजा, पीएच.डी. असलेल्या एका अध्यापकाची नेमणूक १ जुलै २०१९ ची आहे. चार वर्षे ३० जून २०२३ ला भरली, म्हणजे देय तारीख १ जुलै २०२३. पण रिफ्रेशर राहून गेला आणि तो १८ नोव्हेंबर २०२३ ला पूर्ण झाला. आता पदोन्नती १९ नोव्हेंबर २०२३ पासून. साडेचार महिने गेले, त्यात काय एवढे, असे वाटते. पण लेव्हल ११ मधली पाच वर्षे आता १९ नोव्हेंबरपासून मोजली जातील, त्यापुढची तीन वर्षेही त्यानुसार सरकतील, आणि हे साडेचार महिने निवृत्तीपर्यंत पाठ सोडणार नाहीत. लेव्हल १२ चे सुरुवातीचे मूळ वेतन ७९,८०० रुपये आहे आणि १३ए चे १,३१,४००. त्या टप्प्यावर एकेका महिन्याच्या उशिराची किंमत नुसत्या मूळ वेतनात चाळीस हजारांच्या घरात जाते, महागाई भत्ता वेगळाच. अभ्यासक्रमाला ‘पुढच्या सुट्टीत पाहू’ म्हणण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर असू द्या.

सेवेत असताना पीएच.डी. मिळाली तर हिशोब तुमच्या बाजूने बदलू शकतो. सहा वर्षांच्या वाटेवर असलेल्या अध्यापकाला पाचव्या वर्षी पदवी मिळाली, तर चार वर्षांची अट त्याने आधीच ओलांडलेली असते. अशा वेळी सहा वर्षे भरण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. पदवीच्या अधिसूचनेची प्रत महाविद्यालयाला लगेच द्या आणि सेवापुस्तकात नोंद करून घ्या. पदवीदान समारंभाची तारीख आणि अधिसूचनेची तारीख यांत गल्लत होऊ देऊ नका.

काही आदेशांत समितीच्या बैठकीची तारीखच पदोन्नतीची तारीख म्हणून छापून येते, आणि राज्यात हा नेहमीचा तक्रारीचा विषय आहे. आदेश हाती पडला की आनंदाच्या भरात पेढे वाटण्याआधी तारखेची ओळ वाचा. ती पात्रतेच्या तारखेशी जुळत नसेल तर कोणत्या नियमाने ती धरली, असे लेखी विचारा. वेतननिश्चिती होऊन गेल्यावर ही तारीख मागे नेणे फार जिकिरीचे होते.

दरवर्षीचा शेरा कसा ठरतो

विनियमांच्या दुसऱ्या परिशिष्टातले कोष्टक १ प्रत्येक अध्यापकाने छापून टेबलाच्या काचेखाली ठेवावे असे आहे. त्यात दोनच बाबी आहेत. पहिली अध्यापन: नेमून दिलेल्या तासिकांपैकी प्रत्यक्ष घेतलेल्या तासिका. ८० टक्के किंवा अधिक असतील तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. दुसरी बाब उपक्रमांची. विभागप्रमुख, समन्वयक, वसतिगृह अधीक्षक अशी प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेची कामे, विद्यार्थ्यांचे उपक्रम, एनएसएस, एनसीसी, खेळ, अभ्यासभेटी, चर्चासत्राचे आयोजन, पीएच.डी. मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, आणि वर्षात किमान एक प्रकाशन, असे हे सात गट. तीन गटांत सहभाग असेल तर ‘चांगले’, एक-दोनमध्ये असेल तर ‘समाधानकारक’, कशातच नसेल तर ‘असमाधानकारक’. लेव्हल ११ साठी चारपैकी तीन, पाचपैकी चार किंवा सहापैकी पाच वर्षांत ‘समाधानकारक’ किंवा ‘चांगले’ शेरा लागतो. सहयोगी प्राध्यापकपदासाठी तीनपैकी दोन वर्षांत.

ही पट्टी उंच नाही. नियमित वर्ग घेणारा आणि परीक्षेचे काम करणारा कोणताही अध्यापक ती ओलांडतो. तरीही माणसे अडतात, आणि अडतात ती काम न केल्यामुळे कमी, काम सिद्ध न करता आल्यामुळे जास्त. जून महिन्यात वेळापत्रक मिळते, पण त्यावर सही-शिक्का नसतो. परीक्षेचे काम होते, पण नेमणुकीचे पत्र फोनवर आलेल्या संदेशात राहते आणि फोन बदलला की जाते. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस राहिलेल्या अध्यापकाकडे पुराव्यादाखल गटाचे एक छायाचित्र असते, प्राचार्यांचे पत्र नसते. चार वर्षांनी समितीपुढे हे सारे आठवणीने सांगून भागत नाही.

दर शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस एका फाइलमध्ये एवढे असू द्या:

- प्राचार्यांच्या सहीचे वैयक्तिक वेळापत्रक आणि नेमून दिलेल्या तासिकांचा आकडा
- अध्यापन दैनंदिनी, विभागप्रमुखांच्या सहीसह
- प्रत्येक समितीच्या, परीक्षाकामाच्या आणि उपक्रमाच्या नेमणुकीचे पत्र, आणि काम झाल्याचा अहवाल
- प्रकाशनाचे पहिले पान, अनुक्रमणिका आणि नियतकालिकाची माहिती
- मंजूर रजेचे आदेश
- भरलेल्या वार्षिक मूल्यमापन अहवालाची आयक्यूएसीने पडताळलेली प्रत

शेवटचा कागद सर्वांत मोलाचा. शेरा पडला की तो तुम्हाला लेखी कळवायला हवा. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. सीमा रस्ते संघटनेतल्या एका अभियंत्याला एका वर्षी ‘चांगले’ असा शेरा होता, बढतीसाठी ‘अतिशय चांगले’ लागत होता, आणि तो शेरा त्याला कधी कळवलाच नव्हता. न कळवलेल्या शेऱ्याविरुद्ध माणूस दाद मागणार कशी, असा न्यायालयाचा रोख होता. वाईट शेराच नव्हे तर प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, असे त्या निकालाने ठरवले आणि २०१३ मध्ये मोठ्या पीठाने ते कायम केले. हे निकाल सरकारी सेवेच्या संदर्भातले आहेत, पण अनुदानित महाविद्यालयात शेऱ्याची प्रत मागताना त्यांतल्या तत्त्वाचा आधार जरूर घ्या.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ही सगळी कागदांची कसरत झाली, चांगले शिकवणे यात कुठे मोजले जाते? खरे आहे, मोजले जात नाही. ८० टक्के तासिका रटाळ नोट्स सांगून भरणारा आणि तितक्याच तासिकांत वर्ग जागा ठेवणारा, दोघांना एकच शेरा मिळतो. पण याचा पर्याय काय, ते इतिहासाकडे पाहून ठरवावे. २०१० च्या पद्धतीने बारीकसारीक गोष्टींना गुण लावले, आणि त्यातून प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला. राज्यभर एकदिवसीय ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदांचे पीक आले. दुसरा पर्याय म्हणजे गुणवत्तेचा निर्णय प्राचार्य आणि संस्थाचालक यांच्या मतावर सोडणे. ज्या महाविद्यालयात संस्थाचालकाच्या कार्यक्रमाला हजर न राहणे हीसुद्धा ‘असहकार्या’ची नोंद ठरू शकते, तिथे हे मत किती निखळ असेल, ते सांगायला नको. कोष्टक १ ची पट्टी खाली आहे ती याचमुळे. ती उत्कृष्टता शोधत नाही, नियमित काम करणाऱ्याला मर्जीबाहेर ठेवते. उत्कृष्ट अध्यापनाची दखल घ्यायची तर तिला स्वतंत्र व्यवस्था हवी, पदोन्नतीची किमान अट तिच्यासाठी वाकवू नये. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाबद्दलही हेच. नॅकसाठी तो गोळा होतो, अध्यापकाने तो वाचावा, त्यातून शिकावे. पण कोष्टक १ मध्ये त्याला जागा नाही. अभिप्राय कमी आला म्हणून शेरा खाली आणला असेल तर कोणत्या कलमाखाली, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

रजेचे वर्ष

महिला अध्यापकांचे यात सर्वाधिक नुकसान होते, आणि तेही नियम त्यांच्या बाजूने असताना. कोष्टक १ खालच्या टिपेत स्पष्ट म्हटले आहे की प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा, असाधारण रजा आणि प्रतिनियुक्ती यांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा. उरलेल्या काळाचे मूल्यमापन करायचे आणि तेच प्रमाण पूर्ण काळाला लावायचे. अट एवढीच की रजा सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने घेतलेली असावी.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा १६ तासांचा कार्यभार, ३० आठवडे, म्हणजे वर्षाला ४८० तास. एक अध्यापिका एक संपूर्ण सत्र प्रसूती रजेवर होती. उरलेल्या सत्रात २४० तासांपैकी तिने २१६ तास घेतले. नियमाप्रमाणे तिचे प्रमाण ९० टक्के, शेरा ‘चांगले’. पण कार्यालयातल्या तक्त्यात भाजक बदलायचा राहिला, तर २१६ भागिले ४८०, म्हणजे ४५ टक्के, आणि शेरा ‘असमाधानकारक’. हा शेरा कुणी वैराने दिलेला नसतो, संगणकातल्या रकान्याने दिलेला असतो. म्हणून रजेवर जाण्यापूर्वीच त्या सत्राचा कार्यभार दुसऱ्याकडे सोपवल्याचा आदेश घ्या, परत आल्यावर अहवालात रजेचा कालावधी वेगळा दाखवा आणि टिपेचा उल्लेख करा.

प्राध्यापकपदाचे ११० गुण

महाविद्यालयीन अध्यापकाला संशोधन गुणांचा सामना शेवटच्या टप्प्यावरच करावा लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. तीन वर्षांत ११० गुण उभे करायला निघालेला माणूस जे करतो तेच नेमके बाजाराला हवे असते. हे गुण कुठून येतात ते लेव्हल ११ वर असतानाच समजून घ्या.

भाषा, मानव्यविद्या, समाजशास्त्रे, वाणिज्य यांत एका शोधनिबंधाला १० गुण, विज्ञान-अभियांत्रिकीत ८. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रमुख लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. राष्ट्रीय प्रकाशकाकडचे पुस्तक १०, आंतरराष्ट्रीय १२, संपादित ग्रंथातले प्रकरण ५. पदवी मिळालेल्या प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्यामागे १०. मराठीच्या आणि इतर भाषांच्या अध्यापकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी: अनुवादाला गुण आहेत, पूर्ण पुस्तकाला ८, प्रकरण किंवा निबंधाला ३. अनुवादाला ‘संशोधन नव्हे’ म्हणून नाक मुरडणारे सहकारी भेटतील. कोष्टक त्यांच्या बाजूने नाही.

एक नमुना पाहू. मराठीच्या सहयोगी प्राध्यापकाचे सहा एकट्याचे निबंध ६० गुणांचे. एका सहलेखकासह चार निबंध, प्रत्येकी ७ प्रमाणे २८. एक पुस्तक १०, एक अनुवादित पुस्तक ८, पदवी मिळालेला एक पीएच.डी. विद्यार्थी १०. बेरीज ११६. दहा निबंधांची अटही भरली. आणखी दोन बंधने आहेत. गुण सहापैकी किमान तीन गटांतून यायला हवेत. इथे निबंध, इतर प्रकाशने आणि मार्गदर्शन असे तीन गट होतात. आणि निमंत्रित व्याख्याने व धोरण-दस्तऐवज यांचे गुण एकूण गुणांच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे नुसती व्याख्याने झोडून ही पायरी चढता येत नाही. परिषदेत वाचलेला निबंध पुढे इतिवृत्तात छापला गेला, तर गुण एकदाच मिळतात. समितीतले तज्ज्ञ हे लगेच पकडतात, आणि मग उरलेल्या फाइलकडेही संशयाने पाहतात.

निबंध कुठे छापावा

२ मे २०१८ रोजी आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिरफाड केली होती. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी बहुसंख्य दर्जाला उतरली नाहीत. पुढे ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. आता नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आणि खुद्द अध्यापकांवर आली आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘यादीत आहे’ एवढा पुरावा पुढे पुरणार नाही, आणि ‘यादीत नाही’ एवढ्याने निबंध बादही होणार नाही. यादी चालू असताना छापलेल्या निबंधासाठी प्रकाशनाच्या दिवशी नियतकालिक यादीत असल्याचे पान छापून ठेवलेले असेल तर ते जपा. यापुढच्या निबंधांसाठी परीक्षकांचे अभिप्राय, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि नियतकालिकाचे समपरीक्षण धोरण जपून ठेवा. पैसे भरल्यावर चार दिवसांत स्वीकृतीपत्र देणाऱ्या ठिकाणी छापू नका. ‘पण सगळेच तसे करतात आणि त्यांची पदोन्नतीही होते’ हा युक्तिवाद ऐकू येतो, आणि अनेकदा तो वस्तुस्थिती म्हणून खरा असतो. मात्र ज्यांची नियतकालिके २०१८ मध्ये रातोरात यादीबाहेर गेली, त्यांचेही तोवर सगळे सुरळीतच चालले होते.

आधीची सेवा मोजतात का

मोजतात, अटींवर. विद्यापीठ, महाविद्यालय किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेतली नियमित सेवा धरली जाते, जर ते पद समकक्ष श्रेणीचे असेल, त्या वेळी तुमची पात्रता विहित पात्रतेपेक्षा कमी नसेल, नेमणूक रीतसर निवड प्रक्रियेने झाली असेल आणि नव्या जागेसाठीचा अर्ज योग्य मार्गाने गेला असेल. आधीची संस्था खासगी होती की सरकारी, यावरून भेद करता येत नाही. कंत्राटी किंवा तात्पुरती सेवाही मोजता येते, पण त्यासाठी निवड समितीची शिफारस हवी आणि एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसावे. महाराष्ट्रातली बहुसंख्य कंत्राटी सेवा या वेतनाच्या अटीवरच गळते. तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) सेवेचे तर नावच नको. वर्षानुवर्षे सीएचबीवर राबलेल्या अध्यापकांवर हा अन्याय आहे, असे मला वाटते. पण तो कॅसच्या अर्जातून सुटणारा नाही, त्यासाठी धोरण बदलावे लागेल.

अर्ज आणि पोच

देय तारखेच्या तीन महिने आधीच्या काळात अर्ज करता येतो, आणि अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांत महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने प्रक्रिया पूर्ण करायची आहे. ‘आधी बाकीच्यांचे येऊ दे, एकत्र कॅम्प लावू’ हे कार्यालयाच्या सोयीचे असते. सहा महिन्यांची मुदत मात्र तुमच्या अर्जाच्या तारखेपासून चालते. म्हणून अर्ज आवक विभागात द्या, दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक घ्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा आणि नोंदणीकृत टपालानेही. अर्जासोबत कागदांची क्रमवार यादी जोडा, म्हणजे सहा महिन्यांनी ‘तुमचे ओरिएंटेशनचे प्रमाणपत्रच नाही’ असे उत्तर येणार नाही.

पोच मागितली की संबंध बिघडतात, अशी भीती अनेकांना वाटते. लहान गावातल्या महाविद्यालयात ती अगदीच निराधार नसते. पण प्राचार्यांच्या खुर्चीतून पाहा. विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडे वेतननिश्चितीचा प्रस्ताव गेला, की त्रुटीचे पत्र प्राचार्यांच्याच नावाने येते. तारखा आणि आवक क्रमांक नीट असलेली फाइल त्यांचेही काम सोपे करते. बोलताना ‘हक्क’ हा शब्द आधी न काढता ‘प्रस्ताव त्रुटीत जाऊ नये’ असे म्हणा. मागणी तीच राहते, पण ऐकणाऱ्याला ती अधिक मानवते.

नकार आला तर

- समितीच्या इतिवृत्ताची, निदान आपल्यासंबंधीच्या भागाची, प्रत मागा. न मिळाल्यास माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्यानंतर पहिले अपील. सहकाऱ्यांचे शेरे मागण्याच्या भरीस पडू नका. सेवाविषयक मूल्यमापन ही वैयक्तिक माहिती असल्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घेतली आहे, आणि त्यात तुमचा मूळ मुद्दा हरवतो.
- नकाराचे कारण कोणत्या अटीशी जोडलेले आहे ते तपासा. शेरा, अभ्यासक्रम, सेवाकाळ, संशोधन गुण यांपैकी कशाशीच ते जुळत नसेल तर लेखी हरकत घ्या.
- महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ७९ खाली प्रत्येक विद्यापीठात तक्रार निवारण समिती आहे. कॅससंबंधीच्या बहुतेक तक्रारींची ही पहिली वाट. बडतर्फी, पदावनती अशा बाबींसाठी विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरण आहे आणि तिथली अपिलाची मुदत ३० दिवसांचीच आहे. तुमची बाब तिथे बसते का, हे वकिलाला पहिल्या आठवड्यातच विचारा.
- एखादी अट खरोखरच अपुरी असेल तर वर्षभर भांडत न बसता ती पूर्ण करा. फेरमूल्यमापनाला एक वर्ष थांबावेच लागते, ते वर्ष रिकामे घालवू नका.

निवृत्ती जवळ आलेल्यांनी मात्र यांतल्या कशाचीच वाट पाहू नये. समिती ज्या दिवशी विचार करते त्या दिवशी अध्यापक प्रत्यक्ष सेवेत असावा लागतो. शिवाय कॅसची पदोन्नती व्यक्तीला मिळते, पदाला नाही, त्यामुळे तुमच्या मागे ती कुणासाठी राखलेली नसते. निवृत्तीला दोन वर्षे उरली असतील तर प्रलंबित टप्प्याचा अर्ज आजच द्या, त्यात निवृत्तीची तारीख ठळक लिहा आणि समितीची बैठक त्याआधी लावावी अशी विनंती करा. त्या विनंतीची एक प्रत विद्यापीठाकडे आणि एक सहसंचालकांकडे पाठवा.